जन्मजात वक्रपादावरील शस्त्रक्रिया व तिचे दूरगामी परिणाम : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

जन्मतःच पाऊल आत व खाली वळलेले असणे या व्यंगास वक्रपाद किंवा क्लबफूट असे म्हणतात. लोकव्यवहारात तो केवळ ‘वाकडा पाय’ असतो. साधारणतः हजार जन्मांमागे एका बालकात हे व्यंग आढळते आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असते. गर्भवतीने ग्रहणात काही चिरले असावे, असा दोष मातेच्या माथी मारण्याची रूढी महाराष्ट्रात जुनी आहे. तिला शास्त्रीय आधार नाही. नशिबाचा भाग मानलेल्या व्यंगासाठी वैद्याकडे जाण्याची घाई मात्र कोणी करीत नाही आणि येथे विलंबच सर्वाधिक नडतो.

शस्त्रक्रियेची वाटचाल

1831 मध्ये हॅनोव्हर येथील शल्यचिकित्सक श्ट्रोमायर यांनी त्वचेतील लहानशा छिद्रातून टाचेची कंडरा कापली. स्वतः वाकड्या पायाने त्रस्त असलेले इंग्रज वैद्य विल्यम लिटल यांनी 1836 मध्ये त्यांच्याकडूनच शस्त्रक्रिया करून घेतली व पुढे ती पद्धत इंग्लंडमध्ये रुजविली. विसाव्या शतकात प्लास्टरला दाद न देणाऱ्या हट्टी पायांसाठी मोठी शस्त्रक्रिया प्रचलित झाली. 1971 मध्ये टर्को यांनी मांडलेल्या पद्धतीत पावलाच्या मागील व आतील बाजूचे आखडलेले अस्थिबंध एकाच वेळी मोकळे केले जात. पाऊल शस्त्रक्रियेच्या टेबलावरच सरळ होई. परंतु टेबलावरचे यश हे रुग्णाचे यश नव्हे. अशा विस्तृत शस्त्रक्रिया झालेल्या 45 रुग्णांच्या 73 पावलांची किमान 25 वर्षांनंतरची पाहणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत अनेकांची पावले ताठर, दुखरी व संधिवातग्रस्त झालेली आढळली.

याउलट आयोवा येथील डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी दर आठवड्याला हळुवारपणे पाऊल वळवून प्लास्टर घालण्याचा आग्रह धरला. साधारण पाच-सहा प्लास्टर, बहुसंख्य बालकांत टाचेच्या कंडरेवर छोटासा छेद आणि नंतर चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत पट्टीने जोडलेले बूट, असा हा क्रम आहे. त्यांच्या रुग्णांच्या 1995 च्या पाहणीत सरासरी 34 वर्षे वयातही 78 टक्के रुग्णांचा परिणाम उत्तम किंवा चांगला होता. तरीही या पद्धतीस जगभर मान्यता मिळण्यास अर्धशतक लागले.

उशिरा आलेल्या किंवा पुन्हा वाकलेल्या पायासाठी महाराष्ट्राने दिलेला पर्याय विशेष उल्लेखनीय आहे. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली ‘जेस’ ही बाह्य चौकट हाडांतून घातलेल्या बारीक तारांवर बसविली जाते. तिच्या साहाय्याने आखडलेल्या ऊती दररोज थोड्याथोड्या ताणल्या जातात. आतील बाजू बाहेरच्यापेक्षा अधिक वेगाने. मोठी चीर टळते, पण तारांच्या छिद्रांतून जंतुसंसर्गाचा धोका राहतो. चौकट काढल्यावर बूट वापरले नाहीत, तर पाऊल पुन्हा वळू शकते.

भंडारा जिल्हा

1956 पर्यंत मध्य प्रदेशात असलेल्या भंडाऱ्याचा अवघड उपचारांचा मार्ग स्वाभाविकपणे नागपूरकडे, म्हणजे 1947 मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे जात असे. भंडारा शहरापासून नागपूर सुमारे 60 किलोमीटर आहे. लाखांदूर किंवा साकोली तालुक्यातून हे अंतर बरेच वाढते. दर आठवड्याच्या प्लास्टरसाठी हा प्रवास म्हणजे शेतमजूर कुटुंबाची दिवसाची मजुरी बुडणे होय, आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर ती अधिकच महाग पडते. एखादे प्लास्टर चुकते, मग दुसरे, आणि साध्या उपचाराने सुधारू शकणारे पाऊल ‘हट्टी’ ठरते. असा हट्ट अनेकदा हाडांचा नसून रस्त्याचा असतो.

फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वक्रपादाचा समावेश जन्मजात व्यंगांच्या यादीत करण्यात आला. नवजात बालकाची आशा कार्यकर्तीकडून घरी तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा पथकाकडून तपासणी आणि जिल्हा स्तरावर उपचार केंद्र अशी त्यातील तरतूद आहे. नोंद पहिल्या काही आठवड्यांत झाली, तर मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. त्यानंतरचा भार मात्र घरावरच असतो. पाऊल सरळ दिसू लागले असताना रडणाऱ्या बाळाला रोज रात्री पट्टीचे बूट घालायचे, तेही चार वर्षे, आणि तेव्हा शेजारी डॉक्टर नसतो, असते ती आई किंवा आजी.