पोळपाट, लाटणं आणि लाकडी वाडगा

स्वयंपाकघरातल्या पोळपाट-लाटण्याकडे कुणी इतिहासाचा पुरावा म्हणून पाहत नाही. पण लाकूड कातण्याच्या कलेचं मर्म या जोडीत सापडतं. लाटणं हातात घ्या. झाडाचे तंतू त्यात लांबीच्या दिशेनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेले असतात. कातताना ते स्वतःभोवती फिरतं तेव्हा हत्याराला सतत तंतूंची कूस लागते. पोळपाटाचं तसं नाही. तो आडव्या फळीतून काढलेला असतो. त्यामुळे त्याच्या गोल कडेवर समोरासमोर दोन जागी तंतूंची कूस येते आणि उरलेल्या दोन जागी त्यांची कापलेली तोंडं येतात. घरात एकसंध लाकडाचा जुना पोळपाट असेल तर उजेडात फिरवून पाहा. कडेच्या दोन जागा जरा गडद आणि खरखरीत दिसतील. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. नळ्यांची उघडी तोंडं तेल-पाणी अधिक शोषतात, म्हणून तिथे रंग गडद होतो.

लाकडी वाडगा हा पोळपाटाचाच खोलगट भाऊ. ओंडका मधोमध उभा फोडायचा, गाभा काढून टाकायचा आणि अर्ध्या ओंडक्यातून वाडगा काढायचा, अशी ही रीत. म्हणजे वाडग्याच्या प्रत्येक फेऱ्यात हत्याराला दोनदा कूस लागते आणि दोनदा तोंडं. कूस सरळ कापली जाते. तोंडं मात्र ब्रशाच्या केसांसारखी उभी असतात. हत्यार बोथट असेल किंवा उलट्या दिशेनं चाललं, तर तंतू कापले न जाता मुळातून उपटले जातात आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात.

यावरचा उपाय शेतकऱ्याला सांगायला नको. कडब्याचं एकच ताट विळ्यापुढे वाकतं. तेच पेंढीत दाबून धरलं की खटकन कापलं जातं. कातारी हेच करतो. कापल्या जाणाऱ्या प्रत्येक तंतूला मागच्या तंतूचा आधार मिळेल, अशा दिशेनं तो हत्यार चालवतो. वाडग्याच्या बाहेरच्या अंगाला बुडाकडून काठाकडे आणि आतल्या अंगाला काठाकडून बुडाकडे. नियम एवढाच आहे. पण फिरत्या लाकडावर तो हाताला कळावा लागतो, आणि हाताला कळलेलं सहसा कुणी लिहून ठेवत नाही.

म्हणूनच या कलेचा इतिहास आडवाटेनं शोधावा लागतो. इजिप्तमध्ये तूना एल-गेबेल इथे पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याची कबर आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० या काळातल्या या कबरीच्या भिंतीवर दोन माणसं कातकाम करताना कोरली आहेत. एक जण दोरीनं लाकूड फिरवतो, दुसरा हत्यार धरतो.

आपल्याकडचा दाखला मला त्याहून मोलाचा वाटतो. तो आहे पाली भाषेतल्या सतिपट्ठान सुत्तात. श्वासाकडे लक्ष कसं द्यावं हे सांगताना तिथे काताऱ्याची उपमा येते. पालीत त्याला ‘भमकार’ म्हणतात, म्हणजे वस्तू भ्रमण करवणारा, फिरवणारा. आपण लांब ओढ घेतो आहोत की आखूड, याचं भान कसबी भमकाराला असतं. तसंच भान भिक्षूनं आपल्या श्वासाचं ठेवावं, असा आशय आहे. पाचव्या शतकात बुद्धघोषानं यावर भाष्य करताना खुलासा केला की, भेरीसारखी मोठी वस्तू कातताना कारागीर हातपाय पसरून लांब ओढ घेतो आणि हस्तिदंताच्या बारीकसारीक वस्तूंसाठी आखूड. ‘ओढ’ या एका शब्दावरून आपल्याला यंत्र समजतं. दोरी ओढली की लाकूड एका दिशेनं फिरणार, सोडली की उलटं. हत्यार चालायचं ते एकाच दिशेला. ध्यानाची रीत समजावताना हीच उपमा सुचावी, याचा अर्थ ऐकणाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यात कातारी होता.

वाडग्यांचा सर्वांत बोलका पुरावा मात्र इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातला. तिथे कॉपरगेट नावाचा रस्ता आहे. नाव ऐकून आपल्याला तांबट आळी आठवते, पण त्याचा तांब्याशी संबंध नाही. जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ पेले-वाडगे करणाऱ्यांची गल्ली. १९७६ ते १९८१ या काळात तिथे उत्खनन झालं आणि ओल्या मातीत टिकून राहिलेली हजार वर्षांपूर्वीची व्हायकिंग वस्ती वर आली. त्यात लाकडाचे शंकूसारखे गोळे निघाले. दोन लोखंडी टोकांमध्ये धरून वाडगा आतून कोरताना मधे एक खुंट उरतो. शेवटी तो मोडून फेकून द्यायचा. कातकामातला तो कचरा. वाडगे गिऱ्हाइकांबरोबर गेले, कचरा जागेवर राहिला आणि त्यानंच गल्लीच्या नावाची साक्ष दिली.

पुढची काही शतकं इंग्लंडातला सामान्य माणूस लाकडी भांड्यांतच जेवला. १५४५ साली बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे युद्धजहाज १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं गेलं. त्यावरच्या खलाशांचे लाकडी वाडगे आणि थाळ्या मिळाल्या. काहींवर मालकांनी ओळखीच्या खुणा कोरल्या आहेत. आपण भांड्यांवर नावं घालतो तशाच.

अठराव्या शतकापासून कारखान्यातली चिनीमातीची भांडी स्वस्त होत गेली आणि वाडगे कातणारे कमी होत गेले. बर्कशायर परगण्यातल्या बकलबरी गावी जॉर्ज लेली हे शेवटचे उरले. त्यांचे आजोबाही हेच काम करीत. लेलींचं यंत्र पायानं चालायचं. वर लवचीक लांब काठी, खाली पावडी आणि मधे लाकडाला वेढा दिलेली दोरी. पावडी दाबली की लाकूड कारागिराकडे फिरायचं, सोडली की काठी त्याला उलटं ओढायची. पालीतल्या भमकाराला हे यंत्र परकं वाटलं नसतं. आकड्यासारख्या वाकड्या हत्यारांनी लेली एल्म लाकडाच्या एकाच तुकड्यातून एकात एक बसणारे वाडगे काढत. १९५८ साली ते वारले. त्यांच्या पश्चात हे काम करणारं कुणी नव्हतं.

त्यांचं यंत्र आणि हत्यारं मात्र रेडिंगच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात पोहोचली. १९९० च्या दशकात रॉबिन वुड या कारागिरानं ती अभ्यासली, तशी हत्यारं स्वतः घडवली आणि करून पाहत पाहत ही रीत पुन्हा उभी केली. २००५ मध्ये त्यांचं वाडग्यांच्या इतिहासावरचं पुस्तक आलं. आज अनेक जण ते काम करतात. यात समाधान आहे, पण हिशेबही आहे. जे शेजारी बसून शिकता आलं असतं, ते नव्यानं शोधून काढावं लागलं. हत्यारं भंगारात गेली असती, तर तेही जमलं नसतं.

आपल्याकडे सावंतवाडीला आणि कर्नाटकात चन्नपट्टणला कातीव खेळण्यांचं काम चालतं. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून रंग चढतो. पण बाजारपेठेतला साधा कातारी, पाळण्याचे खूर, भोवरे आणि लाटणी करणारा, त्याचं काय? एखाद्याचा चेहरा रेखीव असला की आपण ‘कातीव’ म्हणतो. शब्द भाषेनं सांभाळला. लाकूड कोणत्या अंगानं घ्यावं, तंतूंच्या तोंडाशी हात किती हलका करावा, हे शब्दकोशात मिळत नाही.

आपल्या गावात असा कातारी अजून बसत असेल तर त्याच्याकडे तासभर जावं. हत्यारांची नावं विचारावीत, ती लिहून घ्यावीत, त्याचा हात चालताना चित्रित करावा. त्याच्या दुकानाला कुलूप लागून हत्यारं वजनावर विकली गेली, की मग विचारायला कुणी उरत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)