टोलेडो ते मनिला

हेरोनिमा दे ला असुन्सिओन ही स्पेनमधील टोलेडोची. 1555 चा जन्म. पंधराव्या वर्षी तिने कॅथलिक जोगिणींच्या क्लारा संप्रदायाच्या मठात प्रवेश केला. तिथे अर्धे शतक काढल्यावर, 1620 मध्ये, पासष्टीच्या उंबरठ्यावर ती फिलिपिन्सला निघाली. वाटेत सेव्हिलमध्ये तरुण चित्रकार वेलास्केझने तिचे चित्र रंगवले. सुरकुतलेला चेहरा, करारी नजर, एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात क्रूस, तोही शस्त्रासारखा पेललेला. प्रवास अटलांटिकमधून मेक्सिको, तिथून खुष्कीने अकापुल्को आणि पुढे पॅसिफिक असा झाला. ऑगस्ट 1621 मध्ये ती मनिलाला पोहोचली आणि तिथे सांता क्लारा मठ उभा राहिला. त्याला अतिपूर्वेतला पहिला स्त्रीमठ म्हणतात. आशियातला मात्र नव्हे, गोव्यात सांता मोनिका 1606 पासूनच होता.

खरा झगडा पुढे झाला. मठाने मालमत्ता वा ठरावीक उत्पन्न न घेता भिक्षेवरच जगावे, हा तिचा हट्ट. त्यामुळे मठात येताना द्यायचा हुंडाही न घेता मुली मठात घेणे वरिष्ठांना परवडणारे वाटेना. काही काळ तिचे प्रमुखपदही गेले. 1630 मध्ये ती वारली. तीन वर्षांनी तिच्याच मठातल्या जोगिणींनी मकाऊला शाखा काढली. मनिलाची मूळ वास्तू 1945 च्या लढाईत जमीनदोस्त झाली. मठ आता केसॉन सिटीत आहे.