चुलीचा धूर आणि चुन्याचा हात

ठाणे आणि कल्याण ही दोन्ही गावे खाडीच्या काठची आणि पाठीशी मुरबाड-शहापूरची राने असलेली. त्यामुळे तेथील सुस्थितीतल्या गृहस्थाला सरपणाची ददात क्वचितच पडली, धुराशी मात्र त्याच्या स्वयंपाकघराला पिढ्यान्‌पिढ्या संसार करावा लागला. १८५३ साली आगगाडी ठाण्यास आणि पुढच्याच वर्षी कल्याणास पोहोचली, तेव्हा या मुलखातले लाकूड व कोळसा मुंबईच्या वखारींकडे अधिक वेगाने जाऊ लागला. इकडे राबासाठी आणि जळणासाठी रयतेने काय तोडावे, काय नाही, यावरून जंगलखात्याशी असा तंटा माजला की १८८५ साली मुंबई सरकारास त्याच्या चौकशीसाठी कमिशन नेमणे भाग पडले.

जुन्या घराची रचना धुराला अगदीच प्रतिकूल नव्हती. चूल मागील अंगास असे आणि वर नळीची कौले एकमेकांवर सैलसर बसवलेली असत, त्यामुळे वेगळे धुराडे नसतानाही धूर फटीफटींतून झिरपत निघून जाई, आणि जाता जाता आढ्याच्या बांबू-वाशांना किडीपासून व माळ्यावरच्या बियाण्याला भुंग्यापासून राखी. धूर अशा रीतीने काहीसा उपकारकर्ताच होता. उपद्रव होता तो त्याच्या मागे उरणाऱ्या वासाचा, आणि तो खरा जाणवे पावसाळ्यात. लाकडाच्या धुरात आम्ल द्रव्ये आणि डांबरासारखा चिकट अंश असतो. काजळीबरोबर तो मातीच्या सच्छिद्र भिंतीत मुरतो, आणि हवा दमट झाली की महिनोन्‌महिने दबून राहिलेला दर्प पुन्हा मोकळा होतो. त्यात ओली लाकडे फुंकणीने पेटवावयाची, म्हणजे जुन्या वासावर नव्या धुराची भर पडे.

यावरचा उपाय वर्षाच्या क्रमातच बसवलेला होता. पाऊस सरला की दसरा-दिवाळीपूर्वी जळमटे व काजळी कोरडीच झाडावयाची, जमीन व भिंतीचा खालचा भाग शेणाने सारवावयाचा, आणि वर चुन्याचे दोन-तीन हात द्यावयाचे. चुना क्षारधर्मी असल्यामुळे धुरातील आम्लाचा तो प्रतिकार करी. भिंतीला केवळ पांढरेपणा देणे एवढेच त्याचे कार्य नव्हते. ऊद-धूपाने मात्र वास लपे, जात नसे. हे सारे कष्ट बायकांच्या माथी होते, ही गोष्ट जुन्या घरांच्या स्वच्छतेचे गोडवे गाणारे पुरुष सोयिस्करपणे विसरतात.

विपरीत असे की घरे सुधारली तसा धूर कोंडला. मंगळुरी कौले एकमेकांत घट्ट बसणारी. पाऊस त्यांनी उत्तम अडवला, पण त्याबरोबर धुराची वाटही अरुंद केली. पुढे डोंबिवलीत चाळी वाढल्या आणि बिऱ्हाडे दोन खोल्यांवर आली, तेव्हा कोळशाची शेगडी गॅलरीत पेटवून धूर ओसरल्यावर आत आणावयाची, ही रीत गृहिणींनी पाडली. सरकारी दप्तरात तिची नोंद नसली, तरी त्या काळातील वायुवीजनाची ती सर्वांत शहाणी योजना होती, असे मला वाटते. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने धूर नळीवाटे बाहेर काढणाऱ्या ‘मगन चुली’चा पुरस्कार केला, परंतु चाळकऱ्याची सुटका केली ती आधी रॉकेलच्या स्टोव्हने, आणि १९५५ साली बर्मा-शेलने मुंबईत आणलेल्या गॅसने, तीही हळूहळू.

आता कल्याणातील एखादा जुना वाडा दुरुस्तीस निघाला, की काजळलेल्या भिंतीवर थेट ऑइलपेंट फासण्याची घाई होते. तसे करू नये. डांबरी अंश रंगातून वर येतो आणि पहिल्याच पावसाळ्यात पिवळट डाग व त्यासोबत दर्प हजर होतो. काजळी आधी कोरड्या कुंच्याने झाडावी, मऊ पडलेला गिलावा खरवडून काढावा, चुन्याचे हात देऊन भिंत पुरती वाळू द्यावी, आणि रंगाचा विचार त्यानंतर करावा.