शेवटची अकरावी, पहिली दहावी



या उन्हाळ्यात यवतमाळला आमच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. एकाच मांडवात दोन वर्ग जमले होते, १९७५ ची दहावी आणि १९७५ चीच अकरावी. घरी आल्यावर सुनेने विचारलं, "मम्मीजी, अकरावीवाले तुमच्यापेक्षा एक वर्ष पुढे ना? मग दोघांची पन्नास वर्षं एकदम कशी भरली?" तिला सांगायला बसले आणि लक्षात आलं, की ही गोष्ट आपल्यातल्या साठी ओलांडलेल्या कितीतरी जणींची आहे.

आपल्या थोरल्या बहिणींच्या वेळी मॅट्रिक म्हणजे अकरावी. ११ वर्षं शाळा, मग एक वर्ष प्री-युनिव्हर्सिटी आणि तीन वर्षं पदवीची. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये अहवाल दिला, त्यात १०+२+३ अशी रचना सुचवली होती. महाराष्ट्रात ती १९७२ साली आठवीत गेलेल्या मुलांपासून लागू झाली. ती मुलं म्हणजे आम्ही. मार्च १९७५ मध्ये आमची पहिली दहावी आणि आमच्या पुढच्या वर्गाची शेवटची अकरावी, दोन्ही परीक्षा एकाच मोसमात झाल्या. माझी ताई त्या शेवटच्या अकरावीत होती.

हिशेब केला तर जुनी वर्षं १५ आणि नवीही १५. पण मुलींच्या बाबतीत हा हिशेब इतका सरळ नव्हता. "पोरीला मॅट्रिकपर्यंत शिकवू" असं तेव्हा घरोघरी म्हणत. ती मॅट्रिकच एक इयत्ता अलीकडे आली. कुणाच्या हाती लग्नाआधी सर्टिफिकेट पडलं, तर कुणाचं शाळेतलं एक वर्ष कमी झालं. तेव्हा कायद्यानेही मुलीच्या लग्नाचं वय १५ होतं. ते १८ झालं १९७८ मध्ये. म्हणजे आमच्या वर्गातल्या ज्या मुलींची निकालाआधीच साखरपुडी झाली, त्यांच्या घरच्यांनी कायदा मोडला असंही म्हणता येत नाही.

आणखी एक बदल झाला, आणि आमच्या घरात तोच महत्त्वाचा ठरला. नव्या दहावीत गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं होतं, मुलगा असो की मुलगी. आम्हाला ते नवं, संचांचं गणित शिकवायला सरांनाही आधी स्वतः शिकावं लागलं. ताईच्या वर्गात मात्र विषय निवडता येत, आणि मुलींनी गृहशास्त्र घ्यायचं असा रिवाजच होता. ताईचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं. बाबूजींच्या दुकानातली बेरीज ती तोंडी करायची. पण कागदावर तिच्या नावापुढे गणित नव्हतं.

ती आमची शेवटची दोन-तीन वर्षं म्हणजे यवतमाळातही मोठ्या घडामोडींची. १९७३ मध्ये गावात मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. आम्ही आठवी-नववीतल्या पोरी मांडवाच्या कडेला उभ्या राहून पाहत होतो. १३ नोव्हेंबर १९७४ ला, दिवाळीला, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षाला सुरुवात झाली. सर्व पंथांनी मिळून पाच रंगांचा ध्वज स्वीकारला तो त्याच सुमारास. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पवनारला बसलेल्या विनोबांच्या प्रेरणेने ७५६ गाथांचा 'समणसुत्तं' तयार झाला, तोही तेव्हाच. फेब्रुवारी १९७५ मध्ये आपल्या पुसदकडच्या वसंतराव नाईकांचं मुख्यमंत्रिपद गेलं. मार्चमध्ये आमची परीक्षा झाली आणि जूनमध्ये आणीबाणी आली.

बाबूजींचा धंदा कापसाचा. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा म्हणून खरेदी सरकारी योजनेतून होऊ लागली आणि आमच्यासारख्या व्यापारी घरांना दुसरं काही शोधावं लागलं. बाबूजींनी किराणा टाकला. घरात ओढाताण होती, पण बोलून कुणी दाखवत नसे.

दोघी बहिणी पास झालो. ताईला माझ्यापेक्षा चांगले मार्क होते. त्या रात्री ओसरीवर झालेलं बोलणं मी आतून ऐकलं. बाबूजी म्हणाले, "दोघींना कॉलेजात घालणं जमणार नाही. धाकटीचं गणित झालंय, तिला कॉमर्सला घालू. हिशेबाला उपयोग होईल. मोठीला कारंज्याचं स्थळ आलंच आहे." आई काही बोलली नाही. ताईही नाही. मी तर नाहीच. मला आनंद झाला होता, हे आज लिहिते.

ताई शकुंतलेत बसून कारंज्याला सासरी गेली. यवतमाळ-मूर्तिजापूरची ती अरुंद रुळांची गाडी, तेव्हा वाफेच्या इंजिनाची. आता ती कित्येक वर्षं बंद आहे. मी अकरावी-बारावी केली आणि १९८० मध्ये नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. झाले. तेव्हा अमरावतीला विद्यापीठ व्हायचं होतं.

पण ताईचं शिकणं थांबलं नव्हतं. कारंज्यात चातुर्मासाला आलेल्या साध्वीजींनी तिला पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाचा फॉर्म भरायला लावला. त्या परीक्षा तुम्हापैकी अनेकींनी दिल्या असतील, त्या किती सोप्या असतात ते तुम्हीच सांगा! मांडीवर मूल, शेगडीवर दूध, भिंतीला चिकटवलेला प्राकृत शब्दांचा कागद. अशा रीतीने ती वर्षामागून वर्ष एकेक परीक्षा देत गेली. दशवैकालिक, उत्तराध्ययन ती अर्थासकट शिकली. आज तिथल्या दोन पिढ्यांच्या मुलींना प्रतिक्रमण तिने शिकवलंय.

आता मेळाव्यातलं सांगते. प्रत्येकाने उभं राहून नाव, गाव आणि शिक्षण सांगायचं असं ठरलं. कुणी डॉक्टर, कुणी इंजिनिअर, कुणी बँकेतून निवृत्त. मी "बी.कॉम., गृहिणी" म्हटलं, टाळ्या पडल्या. ताईची पाळी आली. ती म्हणाली, "अकरावी पास. शिक्षण तिथेच संपलं." आणि बसली. टाळ्या तिलाही पडल्या, पण जरा कमी. मी शेजारीच होते. उठून दोन वाक्यं बोलणं माझ्या हातात होतं. बोलले नाही. माइक पुढे गेला.

घरी परत येईपर्यंत तेच डोक्यात होतं. पन्नास वर्षांपूर्वी ओसरीच्या आत मी गप्प होते, तेव्हा पंधरा वर्षांची होते. आता पासष्टची आहे.

संवत्सरीला दरवर्षीप्रमाणे तिला फोन केला. "मिच्छामि दुक्कडम्" म्हटलं आणि यंदा कशाबद्दल तेही सांगितलं. ती म्हणाली, "अगं, तू तेव्हा लहान होतीस."

मी म्हटलं, "तेव्हाचं नाही, ताई. मी उन्हाळ्यातलं म्हणतेय."

थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मग म्हणाली, "मलाही वाटलं होतं, तू उठशील." आणि लगेच, "खमावलं गं. जाऊ दे आता. तुझी सून कशी आहे?"

मैत्रिणींनो, आमच्या मेळाव्याच्या गटात आता सगळ्यांची यादी करताहेत. नाव, गाव, शिक्षण असे रकाने आहेत. ताईच्या नावापुढे मी अकरावी लिहिलं आणि त्याखाली पाथर्डीच्या तिच्या सगळ्या परीक्षा, वर्षांसकट. रकाना पुरला नाही, म्हणून पुढच्या ओळीवर गेले. मग ज्या मुली परीक्षेआधीच गेल्या, त्यांचीही नावं आठवून आठवून लिहायला घेतली. आतापर्यंत सात झाली आहेत.

तुमच्या वर्गाची यादी निघेल तेव्हा तुम्हीही एवढं करा.