संभाजीनगर ते नांदेड : दोन दिवसांचा रेल्वे प्रवास आखताना

छत्रपती संभाजीनगरहून नांदेडला रेल्वेने जायचे आणि वाटेत जालना व परभणी ही शहरेही पाहायची, असा बेत मराठवाड्यातील अनेक कुटुंबे आखतात. अंतर अवघे २३६ किलोमीटर असल्याने तो सोपा वाटतो. मात्र तिकिटाचे नियम आणि गाड्यांच्या वेळा ध्यानात न घेता निघालेल्या प्रवाशांना कधी दंड भरावा लागतो, तर कधी परक्या गावी रात्र काढावी लागते. त्यामुळे या मार्गावर प्रवासाचा आराखडा परतीच्या गाडीपासून मागे यावा, हे उत्तम.

मार्गाची ओळख

मनमाडहून संभाजीनगरमार्गे हैदराबादकडे जाणारा हा लोहमार्ग निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास मीटरगेज स्वरूपात सुरू झाला. १९९० च्या दशकात त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि मुंबईशी थेट संपर्क आला. दक्षिण मध्य रेल्वेचा नांदेड विभाग २००३ मध्ये अस्तित्वात आला. संभाजीनगर ते जालना ६३ किलोमीटर, जालना ते परभणी सुमारे ११४ आणि परभणी ते नांदेड ५९ किलोमीटर असे टप्पे पडतात.

संभाजीनगर ते परभणी हा १७७ किलोमीटरचा भाग पूर्वापार एकेरी आहे. त्याच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी लहान स्थानकांवर थांबावे लागते आणि एका गाडीचा उशीर दुसरीला लागतो. म्हणून एका गाडीतून उतरून लगेच दुसरी गाठण्याचा हिशेब येथे धरू नये. मध्ये किमान दोन तासांची सवड असावी.

एकच तिकीट चालत नाही

सर्वाधिक घोटाळा होतो तो तिकिटाबाबत. नांदेडपर्यंतचे तिकीट काढून जालन्याला उतरावे, शहर पाहावे आणि त्याच तिकिटावर पुढची गाडी धरावी, असा अनेकांचा समज असतो. वाटेत उतरून प्रवास खंडित करण्याची मुभा रेल्वेने ५०० किलोमीटरपेक्षा अधिक अंतराच्या तिकिटांनाच दिली आहे, आणि तीही पहिले ५०० किलोमीटर पार केल्यानंतर. २३६ किलोमीटरच्या प्रवासाला ती लागू होत नाही. जालन्याला उतरताच उरलेल्या अंतराचे तिकीट निरुपयोगी ठरते. त्यावर पुढे प्रवास करणारा विनातिकीट गणला जातो आणि भाड्याखेरीज किमान २५० रुपये दंडास पात्र होतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक टप्प्याचे स्वतंत्र तिकीट. अनारक्षित तिकीट १९९ किलोमीटरपर्यंत असेल तर ते काढल्यापासून तीन तासांत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करावा लागतो. सकाळीच तिन्ही टप्प्यांची तिकिटे काढून ठेवण्यात म्हणूनच अर्थ नाही. त्या त्या स्थानकावर खिडकीवरून किंवा ‘रेलवन’ या मोबाइल ॲपवरून ती घ्यावीत.

आरक्षणाचाही हिशेब पाहावा. शयनयान वर्गात किमान २०० किलोमीटरचे भाडे आकारले जाते. जालन्यापर्यंतच्या तासाभराच्या प्रवासासाठी शयनयानाचे तिकीट घेतल्यास तिपटीहून अधिक अंतराचे पैसे पडतात. दिवसाच्या छोट्या टप्प्यांना साधा दुसरा वर्ग पुरेसा असतो.

जाताना जालना, येताना परभणी

दोन्ही शहरे एकाच दिशेच्या प्रवासात पाहण्याऐवजी जाताना एक व येताना एक असा क्रम ठेवल्यास धावपळ टळते. पहिल्या दिवशी सकाळच्या गाडीने जालना गाठावे. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण या बाजारपेठेची जुनी ओळख सांगते. आज हे शहर बियाणे आणि पोलाद उद्योगासाठी ओळखले जाते. जुन्या जालन्यातील आनंदी स्वामींचे मंदिर आणि मोती तलाव पाहून दुपारी मुंबईहून येणाऱ्या तपोवन एक्स्प्रेसने सायंकाळी नांदेडला पोहोचता येते.

नांदेडमध्ये १७०८ साली गुरू गोविंदसिंग यांचे निर्वाण झाले. महाराजा रणजितसिंह यांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारलेला सचखंड गुरुद्वारा हे येथील मुख्य श्रद्धास्थान. लंगर आणि यात्री निवासांमुळे मुक्कामाची अडचण सहसा येत नाही. तरी सणावाराच्या दिवसांत आधी चौकशी करावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी परभणी गाठून १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आणि पारदेश्वर मंदिर पाहता येते. परळी वैजनाथचा फाटा येथूनच निघतो. मात्र ज्योतिर्लिंगाचे दर्शन याच दिवसात बसवण्याचा मोह टाळावा. त्यासाठी वेगळा दिवस हवा.

परतीची गाडी आधी ठरवा

परभणीहून सायंकाळी मुंबईकडे जाणारी देवगिरी एक्स्प्रेस परतीसाठी सोयीची ठरते. तिचे आरक्षण सर्वांत आधी करावे आणि बाकीचा बेत त्यानुसार बसवावा. जालन्याला गाडी चुकली तर संभाजीनगरसाठी एसटी बस हाताशी असते. परभणीला मात्र चुकलेल्या गाडीची किंमत रात्रीचा मुक्काम ही असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढविलेली मुंबई–जालना वंदे भारत एक्स्प्रेस जालना व परभणी येथे थांबते. परंतु तिला अनारक्षित डबे नाहीत आणि ती आठवड्यातील सहाच दिवस धावते. मुंबईहून येणारी जनशताब्दी पूर्णा येथून हिंगोलीकडे वळते. नांदेडच्या प्रवाशांनी तीत बसण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये औरंगाबाद स्थानकाचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले असून, स्थानकाचा संकेतही ‘एडब्ल्यूबी’ऐवजी ‘सीपीएसएन’ असा बदलला आहे. ऑनलाइन आरक्षण करताना नवा संकेत वापरावा. गाड्यांच्या वेळा बदलत असल्याने निघण्याच्या आदल्या दिवशी १३९ या क्रमांकावर खात्री करून घ्यावी. स्थानकावर सामान ठेवण्याची सोय आहे का, हेही आधी विचारावे. ती असल्यास वैध तिकीट आणि कुलूप लावलेली बॅग या दोन्ही गोष्टी लागतात.