आकाशांतून भरलेली गुरुजींची शाळा

शिक्षणाच्या इतिहासांत शाळा किती निघाल्या, मुलें किती आलीं आणि पुस्तकें किती छापलीं यांची मोजदाद मोठ्या हौसेनें केली जाते. परंतु शिकविणाऱ्याला कोणीं शिकविलें, हा प्रश्न बहुधा अहवालाच्या शेवटच्या पानावर येतो. खेड्यांतील शिक्षकाचें जीवन ज्यांनीं जवळून पाहिलें आहे, त्यांना या प्रश्नाचें महत्त्व सांगावयास नको. एकदां प्रशिक्षणाचा दाखला हातीं पडला आणि आडगांवीं नेमणूक झाली, कीं बरोबर आणलेल्या ज्ञानाच्या शिदोरीवरच त्याला पुढचीं वीस-पंचवीस वर्षें काढावीं लागतात. नवें पुस्तक त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं, समव्यवसायी स्नेही भेटत नाहीं, आणि तपासनीस येतो तो मुख्यतः हजेरीपट पाहावयास येतो. अशा शिक्षकाला त्याच्या गांवाजवळच ठेवून दुरून शिकवितां येईल काय? संगणक आणि इंटरनेट यांच्या युगांत हा प्रश्न नव्यानें विचारला जात आहे. पण भारतानें तो १९७५ सालीं फार मोठ्या प्रमाणावर विचारला होता, आणि त्याचें उत्तर चक्क आकाशांत शोधलें होतें.

या धाडसामागें एक साधा हिशेब होता. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शाळा झपाट्यानें वाढल्या आणि त्यांच्यासाठीं मिळतील ते शिक्षक नेमावे लागले. १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें अशी शिफारस केली कीं, प्रत्येक शिक्षकाला सेवेच्या दर पांच वर्षांत निदान दोन-तीन महिने पुनःप्रशिक्षण मिळावें. शिफारस उत्तम होती. पण ती अमलांत कशी आणावयाची? चाळीस-चाळीस शिक्षकांचा एक वर्ग धरला, तर चोवीस हजार शिक्षकांसाठीं सहाशें वर्ग भरवावे लागतात, आणि त्या सहाशें वर्गांना सहाशें उत्तम अध्यापक लागतात. ते आणावयाचे कोठून? यावर जी साखळीची पद्धति रूढ झाली, तींत तज्ज्ञ कांहीं थोड्यांना शिकवितो, ते आणखी कांहींना शिकवितात, आणि असें करीत करीत विद्या खालपर्यंत जाते. मात्र ओंजळींतलें पाणी या हातांतून त्या हातांत देतांना जी गत होते, तीच या विद्येची होते. शेवटच्या हातापर्यंत ओलावा तेवढा पोंचतो.

दुरून शिकविण्याच्या साधनांपैकीं टपालाचा उपयोग होऊं लागला होता. नभोवाणीचाहि अनुभव होता, आणि त्यांतला एक महत्त्वाचा अनुभव महाराष्ट्रांतलाच होता. १९५६ सालीं पुणें नभोवाणी केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें पांच जिल्ह्यांतील १५० खेड्यांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापन केलीं. त्यांच्यासाठीं वीस कार्यक्रम प्रसृत झाले. गांवांतील लहानसा गट एकत्र बसून कार्यक्रम ऐके, ऐकलेल्या विषयावर वाद करी आणि आपल्या शंका केंद्राकडे कळवी. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें या प्रयोगाची परीक्षा केली. जेथें मंडळ होतें अशा गांवांची, रेडिओ असूनहि मंडळ नसलेल्या गांवांशीं आणि रेडिओहि नसलेल्या गांवांशीं तुलना करण्यांत आली. मंडळांच्या गांवीं लोकांच्या माहितींत मोठी भर पडलेली आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गांवीं ती फारच थोडी होती. यंत्र तेंच, आवाज तोच, विषयहि तोच. ऐकल्यावर चार माणसें एकत्र बसून बोललीं, एवढाच काय तो फरक! दुरून दिलेल्या शिक्षणाच्या इतिहासांत या लहानशा प्रयोगाचें मोल मोठें आहे.

पुढची उडी डॉ. विक्रम साराभाई यांनीं घेतली. १९६७ च्या प्रजासत्ताकदिनीं दिल्लीभोंवतालच्या ऐशीं खेड्यांसाठीं ‘कृषिदर्शन’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला, त्यामागें त्यांची प्रेरणा होती. पण दर पन्नास-शंभर मैलांवर मनोरा उभारीत साऱ्या देशांत चित्र पोंचवावयाचें, तर त्याला पिढ्या लागल्या असत्या. त्याऐवजीं एकच उपग्रह आकाशांत ठेवला तर सर्व खेडीं एकाच वेळीं त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत येतात. १९६९ च्या सप्टेंबरांत भारताच्या अणुशक्ति विभागानें अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेशीं करार केला. अमेरिकेनें आपला उपग्रह एक वर्ष उसना द्यावा. जमिनीवरचीं यंत्रें, कार्यक्रम आणि खेड्यांतील सर्व व्यवस्था भारतानें करावी, असें ठरलें. १९७१ च्या ३० डिसेंबरला साराभाई निवर्तले, परंतु काम थांबलें नाहीं. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे प्रमुख प्रा. यश पाल आणि प्रयोगाचे व्यवस्थापक, मूळचे कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस, यांनीं तें तडीस नेलें.

‘एटीएस-६’ नांवाचा हा उपग्रह १९७४ च्या ३० मे रोजीं आकाशांत गेला. पहिलें वर्षभर तो अमेरिकेच्याच कामांत होता, आणि त्यांतलें एक काम लक्षांत ठेवण्याजोगें आहे. अ‍ॅपलॅशियाच्या डोंगराळ व मागासलेल्या मुलखांतील शिक्षकांना त्याच्याद्वारें प्रशिक्षण दिलें गेलें. म्हणजे एकाकी शिक्षकाची अडचण केवळ गरीब देशांचीच होती, असें नव्हे. नंतर उपग्रह पूर्वेकडे सरकवून आफ्रिकेच्या माथ्यावर आणून ठेवण्यांत आला, आणि १९७५ च्या १ ऑगस्टला ‘साइट’ या नांवानें प्रसिद्ध झालेला भारताचा प्रयोग सुरू झाला. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्यप्रदेश, आंध्रप्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडीं त्यासाठीं निवडलीं होतीं. महाराष्ट्र त्यांत नव्हता. परंतु सोलापूरच्या शेजारचा विजापूर जिल्हा होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची सुमारे दहा फूट व्यासाची छत्री, तिच्याखालीं हैदराबादेंत तयार झालेला संच आणि वीज नसेल तेथें बॅटरी, असा एकंदर सरंजाम असे. सकाळीं दीड तास शाळेंतील मुलांसाठीं आणि सायंकाळीं अडीच तास मोठ्यांसाठीं, असे रोज चार तास कार्यक्रम होत.

या प्रयोगाच्या आठवणी सांगतांना लोक बहुधा सायंकाळच्या गर्दीचें वर्णन करतात. परंतु शिक्षणाच्या दृष्टीनें त्याचा सर्वांत विचारपूर्वक आंखलेला भाग वेगळाच होता. १९७५ च्या ऑक्टोबरांत, शाळांना सुटी असतांना, त्याच संचांसमोर सुमारे २४,००० प्राथमिक शिक्षक विद्यार्थी म्हणून बसले. १९७६ च्या उन्हाळ्यांत जवळजवळ तितक्याच शिक्षकांची दुसरी तुकडी बसली. विषय होता प्राथमिक शाळेंत विज्ञान कसें शिकवावें हा, आणि मुदत बारा दिवसांची.

विषयाची निवड सोपी नव्हती. विज्ञान हा विषय पाठ करून घेण्याचा नव्हे, हातानें करून पाहण्याचा आहे. ज्या शिक्षकानें स्वतः कधीं प्रयोग केला नाहीं, त्याच्याकडून तो मुलांकडून कसा करविला जाणार? मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ पासून सोळा शाळांतून प्रयोगांद्वारें विज्ञान शिकविण्याचें काम चालू होतें; तेथें विद्यापीठांतले व संशोधनसंस्थांतले शास्त्रज्ञ शिक्षकांशेजारीं बसून त्यांना तयार करीत. तें काम उत्कृष्ट होतें, पण तें सोळा शाळांपुरतें होतें. हजारों शिक्षकांच्या शेजारीं शास्त्रज्ञ कसे बसणार?

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या शैक्षणिक तंत्रविद्या केंद्रानें याचा जो आराखडा केला, त्याचें मर्म असें होतें कीं, कोणत्याहि एका साधनावर सारा भार टाकावयाचा नाहीं. जें डोळ्यांनींच समजतें तें दूरचित्रवाणीनें दाखवावें. ज्याला विवेचन पुरतें तें नभोवाणीवरून, शिक्षकाच्या भाषेंत सांगावें. जें पुन्हां पुन्हां पाहावें लागतें तें छापील पुस्तिकेंत द्यावें. जें हातानेंच कळतें तें, गांवांत मिळणाऱ्या साध्या वस्तु घेऊन, शिक्षकांनीं तेथल्या तेथें करावें. आणि हीं चारी अंगें एकत्र गुंफावयास प्रत्येक केंद्रावर आधीं तयार केलेला एक मार्गदर्शक असावा. केंद्रें सुमारे २,४०० आणि शिक्षक २४,०००. म्हणजे सरासरीनें दहा-दहा शिक्षकांचा गट. पुण्याच्या प्रयोगांतील श्रोतृमंडळच तेथें शिक्षकांच्या रूपानें पुन्हां अवतरलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या आराखड्यांत एक उणीवहि होती, आणि ती उपग्रहाच्याच स्वभावांतून आली होती. चित्र वरून खालीं येई. खालून वर कांहीं जात नसे. पडद्यावरच्या अध्यापकाचें बोलणें कळलें नाहीं तर ‘थांबा’ म्हणण्याची सोय नव्हती. शिवाय हिंदी, ओडिया, तेलुगु आणि कन्नड बोलणाऱ्या शिक्षकांना एकाच उपग्रहावरून शिकवावयाचें होतें. चित्र एक व त्याच्याबरोबर दोन भाषांतील आवाज पाठवितां येत असे, त्यामुळें थोडी सोय झाली. तरी विजापूरच्या काळ्या रानांतील शाळेला आणि कर्नूलच्या शाळेला एकच चित्र सारखेंच आपलें वाटेल, असें थोडेंच आहे? ही तूट भरून काढण्याचें काम अखेर त्या केंद्रावरच्या मार्गदर्शकाकडेच आलें. तो जेथें चांगला, तेथें वर्ग चांगला.

प्रयोगाची फलनिष्पत्ति काय झाली? शिक्षकांच्या विज्ञानविषयक ज्ञानांत भर पडल्याचें पाहणींत आढळलें. मुलांसाठींच्या सकाळच्या कार्यक्रमांचा निष्कर्ष मात्र अधिक संमिश्र होता. मुलांची भाषा सुधारली, जिज्ञासा वाढली. पण शालेय विषयांतील प्रगतींत लक्षांत येण्याजोगा फरक दिसला नाहीं. ही कबुली अभ्यासकांनीं झांकून ठेवली नाहीं, हें त्यांचें भूषण होय. त्यांतून हेंहि दिसतें कीं, मुलांच्या शिक्षणाची किल्ली पडद्यापेक्षां वर्गांतील शिक्षकाच्याच हातीं अधिक आहे.

१९७६ च्या ३१ जुलैला करार संपला आणि उपग्रह परत गेला. पुढें मनोऱ्यांवरून होणाऱ्या प्रक्षेपणानें यांतील कांहीं खेड्यांची सोय झाली. बाकीच्या ठिकाणीं पडदा काळा झाला. बारा दिवसांत जागी झालेली जिज्ञासा पुढें कोणीं जोपासावयाची, याची तजवीज त्या वर्षाच्या योजनेंत नव्हती. प्रयोग म्हणून तो यशस्वी झाला होता. पण शिक्षकाचें शिक्षण हें प्रयोगाच्या मुदतींत बसणारें काम नव्हे.

याच्या उलट बाजूचें उदाहरण त्याच सुमारास आफ्रिकेंतील टांझानिया देशानें घालून दिलें. तेथें १९७४ सालीं सर्व मुलांना प्राथमिक शिक्षण देण्याचा निर्णय झाला आणि एकाएकीं हजारों शिक्षकांची गरज पडली. त्या देशाजवळ उपग्रह नव्हता. १९७६ पासून त्यानें प्राथमिक शाळा संपविलेल्या तरुणांनाच वर्गावर उभें केलें, आणि स्वाहिली भाषेंतील टपाली धडे, नभोवाणी व गांवाजवळचा मार्गदर्शक यांच्या जोरावर त्यांना तीन वर्षें शिकवीत ठेवलें. सुमारे ४५,००० उमेदवारांनीं हा क्रम धरला आणि ३५,००० हून अधिक शिक्षक म्हणून पात्र ठरले. त्यांच्या तयारींत कच्चेपणा राहिला, ही टीका तेथेंहि झाली. पण साधनें साधीं असूनहि काम टिकलें, कारण तें शिक्षकाच्या रोजच्या वर्गाशीं जोडलेलें होतें व दीर्घ काळ चाललें.

भारतांत पुढें यंत्रें सुधारत गेलीं. १९९६ सालीं कर्नाटकांत व मध्यप्रदेशांत झालेल्या उपग्रहप्रशिक्षणांत शिक्षकाला दूरध्वनीवरून प्रश्न विचारण्याची सोय झाली. वीस वर्षांपूर्वीचें मुकेपण संपलें. २००४ च्या २० सप्टेंबरला केवळ शिक्षणासाठींच असा ‘एज्युसॅट’ उपग्रह श्रीहरिकोट्याहून सुटला. २०१७ सालीं ‘दीक्षा’ हें संगणकीय व्यासपीठ खुलें झालें. २०१९ सालीं ‘निष्ठा’ ही योजना सुमारे ४२ लाख शिक्षकांचें उद्दिष्ट धरून सुरू झाली आणि २०२० सालीं महामारीमुळें ती इंटरनेटवर न्यावी लागली. चोवीस हजारांवरून बेचाळीस लाखांवर ही मजल गेली आहे. मात्र १९७५ सालीं दहा शिक्षक एका पडद्यासमोर एकत्र बसत. आतां प्रत्येकाच्या हातीं स्वतंत्र पडदा आला आहे, आणि तो पाहतांना शिक्षक बहुधा एकटाच असतो. ज्या एकाकीपणावर उपाय म्हणून ही सारी खटपट सुरू झाली, तोच अशा रीतीनें मागील दारानें परत येऊं शकतो.

म्हणून दुरून शिक्षण देण्याची योजना आंखणाऱ्यानें आरंभींच विचारावयाचे प्रश्न जुनेच आहेत. पाठ संपल्यावर शिक्षक कोणाशीं बोलणार? त्याची शंका कोण ऐकणार? शिकलेलें तो उद्यांच्या वर्गांत करून पाहील तेव्हां त्याच्या शेजारीं कोण असेल? आणि उपग्रह परत गेल्यावर, म्हणजे वर्षाची मंजुरी संपल्यावर, काय राहील? १९७५ च्या योजकांनीं यांपैकीं पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें बऱ्याच अंशीं शोधलीं होतीं. चौथ्याचें उत्तर मात्र जाळीच्या त्या छत्र्यांखालीं राहून गेलें, आणि तें देण्याची जबाबदारी आजच्या योजकांवर आहे.