रॅम वाढवायची की नवा कॉम्प्युटर घ्यायचा? पैसे घालण्याआधी हे तपासा

पीक विम्याची मुदत संपायला दोन दिवस उरले की सेवा केंद्रावर रांग लागते, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर अडतो. एकीकडे सातबारा उघडलेला, एकीकडे पोर्टल, मागं स्कॅनर चालू आणि स्क्रीनवर नुसतं गोल चक्र फिरतंय. दारात उभ्या माणसाचा रोजगार बुडतो. दूध संस्था, टायपिंग क्लास, शाळा, सगळीकडं हीच तक्रार. बरेच जण लगेच नवा घ्यायच्या गोष्टी करतात. काही ठिकाणी त्याची गरज नसते, आणि काही ठिकाणी जुन्यावर रुपया घालणं म्हणजे वाया. आपला कोणता, ते आधी ओळखायचं.

त्यासाठी कुणाला बोलवायला नको. कॉम्प्युटर अडलेला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी बघा. आकडा ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. मेमरी निम्मीच वापरात आहे आणि डिस्क मात्र १०० टक्के दाखवतेय, तर दोष जुन्या हार्डडिस्कचा. तिथं रॅम कितीही वाढवा, फरक पडणार नाही. एसएसडी बसवावी लागेल. रॅम कमी पडली की विंडोज जादाचं काम डिस्कवर ढकलतं, त्यामुळं डिस्कही १०० टक्के दिसू शकते. म्हणून पहिल्यांदा मेमरीचाच आकडा बघायचा.

त्याच पानावर रॅमचा वेग आणि किती स्लॉट भरलेत तेही दिसतं. दोन्ही भरलेले असतील तर जुनी काढून मोठी घालावी लागते. सिस्टीमच्या माहितीत विंडोज ३२ बिट दिसलं तर ४ जीबीच्या वरची रॅम ते वापरूच शकत नाही. मग आधी ६४ बिट विंडोज टाकून घ्यायचं. फॉर्म भरणं, टायपिंग, टॅली एवढ्या कामाला ८ जीबी भरपूर झाली. फोटो-व्हिडिओचं काम असेल तर १६.

आता रॅमची जात. आपल्या भागात अजून डीडीआर३ वाले डेस्कटॉप खूप आहेत. इंटेलच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीचे सगळे त्यातच आले. सहाव्यापासून नवव्या पिढीपर्यंत बहुतेक डीडीआर४, आणि बाराव्यापासून पुढं बोर्ड असेल त्याप्रमाणं डीडीआर४ किंवा डीडीआर५. तिन्हींची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीची दुसरीत बसत नाही. जोर लावला तर स्लॉट तुटतो. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपला चालत नाही. दोन वेगळ्या वेगाच्या रॅम एकत्र चालतात बहुतेक वेळा, पण दोन्ही हळू असलेल्या वेगावर.

खाच जुळली म्हणजे काम झालं असंही नाही. बातम्या टाइप करायचा माझा डेस्कटॉप तिसऱ्या पिढीचा, एच६१ बोर्डचा. ऑनलाइन ८ जीबीची डीडीआर३ फार स्वस्तात दिसली, मागवली. बसली व्यवस्थित, पण स्क्रीनच येईना. दोन दिवस मी केबल आणि एसएमपीएसला शिव्या घालत बसलो. मग एका कारागिरानं त्या जाहिरातीतली बारीक ओळ दाखवली: फक्त एएमडीसाठी. अशा रॅमवरच्या चिप वेगळ्या रचनेच्या असतात, इंटेलच्या बोर्डला त्या ओळखता येत नाहीत. विकणाऱ्यानं परत घेतली नाही. तेव्हापासून एकच नियम पाळतो, जुनी रॅम काढून खिशात घालायची, दुकानात तीच पुढं ठेवायची आणि पैसे द्यायच्या आधी चालू करून बघायचं.

बसवणं अवघड नाही. वायर काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जातो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज उतरवा. क्लिप उघडून खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, टक् आवाज येईस्तोवर. सोनेरी टोकं काळवंडली असतील तर साध्या खोडरबरनं हलकेच पुसा. उन्हाळ्याच्या धुळीनं बंद पडलेले कित्येक कॉम्प्युटर एवढ्यावरच चालू होतात. चालू झाल्यावर विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवून घ्या.

नवा कधी घ्यायचा?

सगळ्यात मोठा प्रश्न विंडोजचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केलेल्या घरगुती कॉम्प्युटरला सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय टीपीएम २.०. पिढी ओळखायची खूण सोपी आहे: आय५-८४०० म्हणजे आठवी, आय३-३२२० म्हणजे तिसरी, आय५-१०४०० म्हणजे दहावी. ज्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार आणि बँक खात्यांचं काम चालतं, तो चौथ्या पिढीचा असेल तर मी त्यावर मोठा खर्च करणार नाही. फार तर जुन्या बाजारातली डीडीआर३ घालून हंगाम काढायचा. आठवी किंवा पुढची असेल तर मात्र रॅम आणि एसएसडी घालून तो आणखी काही वर्षं आरामात चालतो.

दुसरा प्रश्न भावाचा. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. त्यांनी एआयच्या डेटा सेंटरकडं माल वळवला आणि २०२५ च्या उत्तरार्धापासून किरकोळ बाजारात डीडीआर४, डीडीआर५ चे भाव दुपटीच्या पुढं गेले. क्रुशियल हे नाव ज्यांच्या परिचयाचं आहे त्यांनी ऐकलं असेल, तो किरकोळ धंदा बंद करत असल्याचं मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. चिपचा नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. कांद्याचा भाव महिन्यात पडतो तसा हा पडत नाही, म्हणून सणाच्या ऑफरची वाट बघत काम अडवून ठेवण्यात अर्थ नाही. नवा घेताना ८ जीबीची एकच घ्या, दुसरा स्लॉट मोकळा ठेवा, पुढं भाव उतरले की वाढवा.

व्यवसायाचा हिशोब ठेवून रिटर्न भरणाऱ्यांना कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, पण आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. म्हणजे सप्टेंबरअखेर वापरात आलेला कॉम्प्युटर दिवाळीत घेतलेल्यापेक्षा त्या वर्षी बरा पडतो. अंदाजित उत्पन्नावर रिटर्न भरत असाल तर हा फरक लागू नाही. जीएसटी १८ टक्के आहे. नोंदणी असेल तर बिलावर आपला नंबर घालून घ्या.

कंपन्यांमधून निघालेले आठव्या-नवव्या पिढीचे जुने डेस्कटॉपही चांगला पर्याय आहेत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला असा माल मिळतो. छोट्या कॅबिनेटचा असेल तर त्याचा पॉवर सप्लाय वेगळ्या मापाचा असतो, बिघडला तर तालुक्याला मिळत नाही. हे विचारून घ्या. आणि आपला जुना विकताना हार्डडिस्क काढून घरी ठेवा. गावच्या लोकांची कागदपत्रं त्यात असतात, आणि नुसती डिलीट केलेली फाइल परत काढता येते.